गल्ल्यावरची बाई उभीच का?

मोठ्या शहरांतल्या काही साखळी दुकानांत आता बिल करायला माणूस लागत नाही. टोपलीतली एकेक वस्तू गिऱ्हाइकानेच यंत्रापुढे धरायची, तिच्यावरच्या काळ्या रेघा यंत्र वाचतं, पडद्यावर बेरीज होते, मोबाइलवरून पैसे भरायचे आणि पिशवी उचलून निघायचं. शेजारी नेहमीचे काउंटरही असतात. तिथे गणवेशातल्या मुली उभ्या असतात आणि त्यांच्यापुढे रांग असते. म्हणजे दुकानात आलेल्या प्रत्येकीला आता निवड करायची आहे. यंत्र की माणूस?

आपल्यासारख्या विचारी बायकांच्या गप्पांत या निवडीवर हल्ली तावातावाने बोललं जातं. एक बाजू म्हणते, 'मी कधीच यंत्रावर जात नाही. त्या मुलींच्या पोटावर पाय नको.' दुसरी म्हणते, 'दिवसभर पीं-पीं करत डबे सरकवणं हे काय माणसाचं काम आहे? यंत्राने करावं आणि मुलींनी शिकून पुढे जावं.' दोन्ही बाजूंच्या मैत्रिणी प्रामाणिक आहेत. पण दोघी एक गोष्ट धरून चालतात, आणि ती मला मान्य नाही. हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनाचा आहे, आपण कोणत्या रांगेत उभं राहायचं एवढाच आहे, असं त्या मानतात. काउंटरच्या पलीकडे जी उभी आहे तिला यात कुणी काही विचारत नाही.

तिच्या बाजूने पाहिलं तर पहिला प्रश्न वेगळाच निघतो. ती उभी का आहे?

आपल्या भाषेत 'गल्ल्यावर बसणं' असं म्हणतात. किराणा दुकानात तोलणारा नोकर उभा असतो, पुड्या बांधणारा पोऱ्या उभा असतो, पण पैसे घेणारा बसलेला असतो. तो मालक असतो, मालकाचा मुलगा असतो, नाहीतर जुना विश्वासू मुनीम. गल्ला ही मानाची जागा, आणि मानाच्या जागेला गादी असते, निदान स्टूल तरी असतं. मॉल आले, साखळी दुकानं आली आणि गल्ल्याची जागा पगारी झाली. दहावी-बारावी झालेल्या, वस्तीतल्या, चाळीतल्या मुली त्या जागेवर आल्या. पैसे मोजण्याचं काम तेच राहिलं, जबाबदारी तीच राहिली. फक्त गादी गेली. शेटजी जे काम बसून करत होते ते बाई उभ्याने करू लागली, आणि हा बदल कुणाच्या डोळ्यांवर आला नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आधी एखादं काम जाणूनबुजून असह्य करायचं आणि मग 'हे माणसाचं कामच नव्हे' म्हणत यंत्र आणायचं, ही मालकवर्गाची जुनी चाल आहे. त्या चालीत आपण विचारी बायकांनी साथ देऊ नये. यंत्र असावं की नसावं यावर बोलूच. पण आधी खुर्चीचं बोलू.

काम संपतं की हात बदलतं?

यंत्र आलं की काम वाचतं, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात ते वाचत नाही, ते कुणाच्या तरी दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स या माणसाने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. तोवर रीत अशी होती की गिऱ्हाइकाने यादी सांगायची आणि दुकानातल्या माणसाने माल काढून द्यायचा. आपल्याकडच्या किराणा दुकानात ही रीत अजून आहे. साँडर्सने गिऱ्हाइकाच्या हातात टोपली दिली. माल शोधायचा, काढायचा, वाहायचा, हे सारं काम त्या दिवशी नोकराकडून गिऱ्हाइकाकडे आलं. १९८६ साली अटलांटा शहराजवळ क्रोगर साखळीच्या एका दुकानात स्वतः बिल करण्याची यंत्रं लागली, आणि उरलेलं कामही गिऱ्हाइकाकडे येऊ लागलं. पहिल्या कामाला पगार होता, दुसऱ्याला नाही. 'सोय' या शब्दाचा दुकानदाराच्या वहीतला अर्थ हा असा आहे.

काम हातातून कुठे जातं याचं आणखी एक उदाहरण आपल्या देशाशी जोडलेलं आहे. ॲमेझॉनने अमेरिकेत अशी दुकानं काढली की तिथे यंत्रापुढेही उभं राहायला नको. वस्तू उचला आणि चालू लागा, छतावरचे कॅमेरे हिशेब ठेवतील. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने आपल्या 'फ्रेश' किराणा दुकानांतून ही पद्धत काढून घेत असल्याचं सांगितलं. त्याच सुमारास बातम्या आल्या की या कॅमेऱ्यांच्या मागे भारतातली हजाराच्या आसपास माणसं चित्रीकरण पाहून खरेदी पडताळत होती. कंपनीने हे वर्णन नाकारलं. ही माणसं प्रत्येक खरेदी पाहत नाहीत, यंत्रणेला शिकवण्यासाठी चित्रणावर खुणा करतात आणि थोड्याच खरेदींची खात्री करतात, असं तिचं म्हणणं होतं. कंपनीचा शब्द जसाच्या तसा खरा मानला तरी काय उरतं? अमेरिकेतल्या कॅशियर बाईच्या कामाचा एक तुकडा समुद्र ओलांडून स्वस्त मजुरीच्या देशात आला. गिऱ्हाइकाला यंत्र दिसतं. मजूर मात्र कुठेतरी असतोच.

आता विचार करा, दुकानदाराने गिऱ्हाइकावर टाकलेलं हे काम घरात कुणाच्या वाट्याला येणार? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, तर अशी कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. घरखर्चाची यादी, पिशव्या आणि महिन्याचा किराणा कुणाच्या डोक्यात असतो, हे वाचकांना सांगायला नको. २८९ मिनिटांत आणखी चार मिनिटांची भर पडली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण चळवळीने गेली पन्नास वर्षं एकच गोष्ट ओरडून सांगितली आहे, की बाईचा बिनमोलाचा वेळ कुणाच्या ना कुणाच्या नफ्यात जमा होत असतो. मग हा वेळ आपण 'सोय' म्हणून आनंदाने का द्यावा?

यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्या मैत्रिणींना

यंत्राच्या बाजूचे काही मुद्दे खरोखर बाईच्या बाजूचे आहेत. ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पहिला मुद्दा लाजेचा. सॅनिटरी नॅपकिनचं पाकीट, गर्भनिरोधकं, गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी, या वस्तू काउंटरवर ठेवताना आजही कितीतरी मुली आजूबाजूला पाहतात. दुकानदार पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळतो, काळ्या पिशवीत घालतो. यंत्र मात्र भुवया उंचावत नाही. एका कॉलेजमधल्या मुलीने मला हे सांगितलं तेव्हा मी तिला नाही म्हणू शकले नाही, आणि आजही म्हणत नाही. तिला आज आडोसा हवा असेल तर तो तिने घ्यावा. पण चळवळ म्हणून आपण आडोशावर थांबायचं का? नॅपकिनवरचा १२ टक्के वस्तू व सेवा कर जुलै २०१८ मध्ये रद्द झाला तो देशभरातल्या बायका मासिक पाळीबद्दल मोठ्याने बोलल्या म्हणून. शिवाय यंत्र पाहत नाही हा समज भाबडा आहे. यंत्राच्या डोक्यावर बहुतेक ठिकाणी कॅमेरा असतो, आणि पैसे मोबाइलवरून गेले की खरेदीची नोंद राहते. काउंटरवरची मुलगी संध्याकाळपर्यंत विसरून जाते. नोंद विसरत नाही.

याच्याच जोडीचा मुद्दा मोबाइल नंबरचा. काउंटरवर नंबर मोठ्याने सांगावा लागतो, मागे उभा असलेला कुणीही तो ऐकतो, आणि मग मुलीला नको ते फोन येतात. तक्रार रास्त आहे. पण त्यावर उपाय यंत्र हा नाही. बिलासाठी गिऱ्हाइकाकडे नंबरची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दिली आहे. 'नंबर देणार नाही' एवढं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. तो वापरावा, आणि त्यासाठी समोरच्या मुलीवर चिडू नये. तिला तो विचारायची वरून ताकीद असते.

दुसरा मुद्दा मोठा आहे. 'हे कंटाळवाणं, बिनकौशल्याचं काम आहे, ते यंत्राने करावं.' कंटाळवाणं आहे, मान्य. पण 'बिनकौशल्याचं' कोण ठरवतं? एका हाताने माल सरकवत दुसऱ्या हाताने सुटे मोजायचे, कूपन तपासायचं, चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करायचं, चष्मा विसरलेल्या आजोबांना बिल वाचून दाखवायचं, रडणाऱ्या पोराच्या हातातला बिस्किटाचा पुडा न फाडता त्यावरच्या रेघा यंत्राला दाखवायच्या, आणि रात्री गल्ला पैशापैशाने जुळवायचा. पुरुष हेच करत होता तेव्हा त्याला मुनीम म्हणत होते. बाई करू लागली आणि ते 'नुसतं उभं राहणं' झालं.

ब्रिटनमध्ये हा वाद न्यायालयात गेला आहे. ॲस्डा या साखळी दुकानांत काउंटरवर आणि दुकानात काम करणाऱ्यांत बायका जास्त, गोदामात पुरुष जास्त, आणि पगार गोदामात जास्त. दुकानातल्या कामगारांना आपल्या कामाची तुलना गोदामातल्या कामाशी करता येईल, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये नेक्स्ट या कपड्यांच्या साखळीविरुद्ध अशाच दाव्यात दुकानातल्या कामगारांच्या बाजूने निकाल लागला. म्हणजे जिथे बायकांनी संघटित होऊन 'आमच्या कामाची किंमत मोजा' म्हटलं, तिथे 'बिनकौशल्याचं' हा शब्द न्यायालयातही टिकला नाही.

आणि 'मुलींनी पुढे जावं' म्हणजे नेमकं कुठे जावं? बारावी झालेली, इंग्रजी तोडकंमोडकं येणारी, घरून संध्याकाळनंतर बाहेर राहायला परवानगी नसलेली मुलगी काउंटरवरून निघाली की कुठे पोचते, हे आम्ही वस्तीत काम करणाऱ्या रोज पाहतो. ती घरकामाला जाते. घरी बसून डझनाच्या दराने राख्या, टिकल्या, इमिटेशनचे दागिने करते. नाहीतर तिचं लग्न लवकर ठरतं. सामान पोचवण्याची नवी कामं निघाली आहेत खरी, पण ती मोटारसायकल असलेल्या आणि रात्री रस्त्यावर फिरू शकणाऱ्या मुलग्यांच्या हाती जातात. काउंटरची नोकरी वाईट असेल, पण ती घराबाहेरची आहे, तिचा पगार तिच्या नावावर जमा होतो आणि ती मुलीला 'मी कामाला जाते' म्हणायची जागा देते. या जागा मुलींसाठी फार नाहीत.

गिरणगावाने शिकवलेला धडा

यंत्र आलं की आधी कोण बाहेर जातं, याचं उत्तर आपल्याला मेम्फिसला जाऊन शोधायला नको. ते मुंबईत परळ-लालबागला आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा कामगार बायका होत्या, विशेषतः सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. पुढे रॅशनलायझेशनच्या नावाने जलद चालणारी यंत्रं आली. त्यांवर थोडी माणसं लागत, आणि ती पाळ्यांत लागत. बायकांना रात्रपाळीची बंदी होती. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणाचा खर्च मालकावर आला होता. बाईच्या भल्यासाठी केलेले हे नियम मालकांना 'बायका परवडत नाहीत' म्हणायला निमित्त झाले. आणि कामगार संघटना? त्यांनी घर पोसणारा तो पुरुष, असं धरून पुरुषाची नोकरी वाचवण्यावर जोर दिला. बायकांची खाती हळूहळू पुरुषांची झाली. १९८२ चा संप झाला तेव्हा गिरण्यांत बायका मोजक्याच उरल्या होत्या.

गिरणीतून निघालेल्या बायका 'पुढे' गेल्या नाहीत. त्यांनी भाजी विकली, धुणीभांडी केली, घरात गिरणी कामगारांच्या खानावळी चालवल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी. यंत्राने मोकळी केलेली बाई कुठे जाते याची ही नोंद आहे.

आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. जिच्या आजीने याच भागात वाइंडिंग खात्यात उभ्याने काम केलं, तिची नात आज चकचकीत फरशीवर उभ्याने काम करते आहे. दोघींमधला फरक एवढाच, की आजीच्या वेळी युनियनची कचेरी कोपऱ्यावर होती. तिने बायकांचं ऐकलं नाही हे खरं, पण जाऊन भांडता येईल असं दार तरी होतं. नातीचा करार तिसऱ्याच कंत्राटदाराशी असतो.

खुर्चीची लढाई

काउंटरवरच्या मुली आमच्याकडे येतात त्या काही 'यंत्र आलं हो' म्हणून येत नाहीत. त्या पाय सुजले म्हणून येतात, कंबर धरली म्हणून येतात. लघवीला जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागतं आणि तो रांगेकडे बोट दाखवतो, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, मग जळजळ, ताप, औषध. पाळीच्या दिवसांत तर विचारायलाच नको. रात्री गल्ल्यात दोनशे रुपये कमी पडले तर ते पगारातून कापले जातात. एका मुलीच्या पगारातून एका महिन्यात तीनदा असे पैसे कापले गेले, आणि कागद म्हणून तिला एक चिठ्ठीही मिळाली नाही.

हे सगळं यंत्राने सुटत नाही, आणि आपण गिऱ्हाइकांनी काउंटरची रांग धरल्यानेही सुटत नाही. 'पोटावर पाय नको' म्हणणाऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं हे आहे. रांगेत उभ्या राहा, जरूर राहा. मीही राहते. पण तुम्ही दहा मिनिटं उभ्या राहून जिला पाठिंबा दिला ती दहा तास उभी आहे.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. उभं राहून काम करणाऱ्याला बसायची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात होतं. पण दुकान म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून दुकानातली बाई त्यातून सुटली. केरळमध्ये ही पळवाट बायकांनीच बुजवली. कोळिकोडच्या बाजारपेठेत शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी दुकानांतल्या बायकांची 'पेण्‌कूट्ट' ही संघटना उभी केली. सुरुवात मुतारीच्या मागणीपासून झाली आणि ती बसण्याच्या हक्कापर्यंत गेली. २०१४ च्या अखेरीस त्रिशूरमध्ये साडीच्या एका मोठ्या दुकानातल्या विक्रेत्या बायका याच हक्कासाठी दुकानाबाहेर बसल्या. पुरुषांच्या बड्या युनियन्सना हा 'खरा' कामगार प्रश्न वाटला नव्हता. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये केरळ सरकारला वटहुकूम काढून दुकान कायद्यात बसण्याचा हक्क घालावा लागला. सप्टेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूने तशीच दुरुस्ती केली.

खुद्द अमेरिकेत, जिथून ही यंत्रं आली, कॅलिफोर्नियातल्या वॉलमार्टच्या कॅशियर बायका-पुरुषांनी खुर्ची मिळावी म्हणून दावा लावला होता. २०१८ मध्ये कंपनीने तो ६.५ कोटी डॉलर देऊन मिटवला. जर्मनीत तर सुपरमार्केटचा कॅशियर बसूनच बिल करतो, आणि तिथे रांगा थांबलेल्या नाहीत. म्हणजे खुर्ची दिली तर काम मंदावतं, ही नुसती थाप आहे. उभं ठेवण्याचं कारण कामाच्या वेगात नाही. मालकाला बाई 'तत्पर' दिसायला हवी असते.

आपल्याकडे मात्र वारं उलट वाहतं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकानांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्याला मंजुरी दिली. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. या संहितांवर कामगार चळवळीचे आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते रास्त आहेत. पण व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय कल्याणकारी सोयींमध्ये मोजलेली आहे. वेतन संहितेत, कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय नुकसानीपोटी पगार कापता येत नाही, हे १९३६ पासूनचं तत्त्व कायम आहे. म्हणजे कागदावर खुर्ची आली आहे. ती काउंटरच्या मागे आणून ठेवण्याचं काम मात्र कुणी आपण होऊन करणार नाही.

यंत्र म्हणजे नशीब नव्हे

'तुम्ही काहीही म्हणा, यंत्र येणारच' असं हताशपणे म्हणणाऱ्यांनी बाहेरच्या घडामोडी पाहाव्यात. उत्तर इंग्लंडमधल्या बूथ्स या साखळीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन दुकानं सोडून बाकी सर्व ठिकाणची यंत्रं काढत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या डॉलर जनरल या साखळीने २०२४ मध्ये हजारो दुकानांतून ती काढली. नेदरलँड्समधल्या जंबो या साखळीने २०१९ मध्ये एका दुकानात उलटंच केलं. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना कॅशियरशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून मुद्दाम सावकाश चालणारा काउंटर काढला, आणि पुढे तो इतर दुकानांत नेला. यातल्या कुठल्याच कंपनीला बायकांच्या नोकरीचा कळवळा आला होता असं नाही. चोऱ्या वाढल्या, गिऱ्हाईक कुरकुरलं, नफ्याचं गणित चुकलं. पण त्यातून एवढं तर दिसतं, की यंत्र आणणं हा कुणाचा तरी निर्णय असतो आणि तो फिरवताही येतो. गिऱ्हाइकाच्या कुरकुरीने तो फिरू शकतो, तर कामगार बाईच्या आवाजाने का फिरू नये?

माझा यंत्राला सरसकट विरोध नाही. वजन उचलणारं यंत्र यावं, मान न वाकवता रेघा वाचणारं यावं. गल्ला जुळवणारं यंत्र आलं तर पगारातली कपात तरी थांबेल. विरोध आहे तो बाईला बाहेर ठेवून तिच्याबद्दल घेतलेल्या निर्णयाला. म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात:

प्रत्येक काउंटरमागे पाठ टेकता येईल अशी खुर्ची, आणि ती वापरली म्हणून ओरडा बसणार नाही याची हमी.

दर दोन तासांनी सुट्टी, आणि दुकानातच बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह. मुंबईत 'राइट टू पी'च्या मोहिमेने २०११ पासून रस्त्यावरच्या मुतारीसाठी भांडण केलं आहे. ते दुकानाच्या आतही न्यायला हवं.

गल्ल्यातली तूट पगारातून कापण्याआधी लेखी कारण आणि बाजू मांडण्याची संधी.

यंत्र लावण्याआधी कामगारांशी बोलणी. यंत्रामुळे कुणाला कमी करायचं नाही, आणि यंत्रावर देखरेखीचं काम निघेल ते पगारवाढीसह याच मुलींना द्यायचं.

रोख पैसे घेणारा, माणूस असलेला निदान एक काउंटर सदैव उघडा. इंग्रजी पडदा न वाचता येणारी, मोबाइलवरून पैसे न देणारी बाई दुकानातून रिकाम्या हाताने परतता कामा नये.

आता आपण काय करायचं? पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा कोणत्या रांगेत उभं राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण निघताना मॅनेजरला बोलवा आणि विचारा, 'हिची खुर्ची कुठे आहे?' त्या मुलीला नव्हे, मॅनेजरला. तिला विचारलंत तर तिचीच पंचाईत होते. तक्रारवही मागा आणि तेच लिहा. एकटीने विचारलं तर तो हसेल. एकाच आठवड्यात एकाच दुकानात पंधराजणींनी विचारलं तर त्याला वर कळवावं लागेल. आपापल्या गटाने आपल्या भागातलं एक दुकान निवडावं, काउंटरवरच्या मुलींशी त्यांच्या सुट्टीच्या वेळी, दुकानाबाहेर, त्यांच्या सवडीने बोलावं, आणि त्या म्हणतील तिथून सुरुवात करावी. कुणी आधी खुर्ची म्हणेल, कुणी आधी संडास म्हणेल, कुणी म्हणेल ताई, आधी कापलेले पैसे परत मिळवून द्या. क्रम त्यांनी ठरवायचा. आपण सोबत जायचं.